हातचा

विकणाऱ्याच्या कागदावर 'दुरुस्ती' या शब्दापुढे
वर्षाला दोनशे डॉलर.
शंभरी ओलांडलेलं लाकडी घर, वर एक बिऱ्हाड, खाली एक,
ईरीच्या सरोवरावरून येणारा बर्फ
चार-चार महिने छपरावर बसून,
आणि दुरुस्ती दोनशे.
श्रीरंग म्हणाला, बघ, किती जपलंय.
मी म्हटलं, बघते.

साताऱ्यात एका सीएच्या हाताखाली
तीन वर्षं व्हाउचरं तपासलीत मी.
गोल आकडा दिसला की अजून पापणी लवते.

भाडं दोन्ही मजल्यांचं एकोणीसशे.
बारा महिने धरायचे नाहीत, अकरा धरायचे.
कुणीतरी सोडून जाणारच, आणि रिकाम्या खोलीलाही
ऊब द्यावी लागते इथे, नाहीतर नळ फुटतात.
विमा त्यांचा नाही, आपल्याला मिळेल तो;
वायरिंग बघून एजंट आधी खाकरेल, मग आकडा सांगेल.
छप्पर बारा हजार, त्याची उरलेली वर्षं चार,
म्हणजे महिना अडीचशे, आजपासून,
गळत नसलं तरी.

देखभाल आपण करू की, श्रीरंग म्हणाला.
मी दहा टक्के लिहिले.
ज्या वहीत 'आपण' फुकट असतो
ती वही मी त्याच्या दुसऱ्या धंद्यानंतर मिटली.

तळघरात नोवाकने भट्टीवर टॉर्च मारला.
तपासणीचे पावणेपाचशे घेतो, पण गुडघे टेकून बघतो.
फिल्टर नवा. शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारखा,
एकाखाली एक, दर तीन महिन्यांची एक,
थेट जमिनीपर्यंत, अकरा वर्षांच्या.
मालक काटेकोर दिसतो, श्रीरंग म्हणाला.
मालक? नोवाक उठता उठता हसला,
मालक फ्लोरिडात असतो.

खालच्या मजल्यावर वांडा ग्रॅबोव्स्की.
सत्तरीची, अंगठ्याला पट्टी,
आम्ही भाव करायला आलोय हे माहीत असून
खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं उचलणारी.
वॉशर मीच बदलते, म्हणाली,
पायऱ्यांचं मीठही माझंच,
वरचा पोरगा किल्ली विसरला की मीच उठते रात्री.
उगाच फोन कशाला करायचा त्यांना?
फोन केला की त्यांना माझं भाडं आठवतं.

तिचं भाडं साडेसातशे.
ब्रोकर दारातच माझ्या कानाशी लागला होता:
बाजारभाव साडेअकराशे आहे खाली,
वाव आहे, मॅडम, वाव.

गाडीत काच धूसर झाली आमच्या श्वासांनी.
मी चारशे जमेला मिळवले. घर एकदम फायद्यात आलं.
मग तिला वजा केलं, कारण साडेअकराशेला ती राहणार नाही,
आणि तिच्याबरोबर फावडं जाईल, मीठ जाईल,
भिंतीवरच्या पुढच्या तारखा जातील,
ते सगळं तासांवर बोलवायचं, शनिवारी दीडपट दराने.
बत्तीसशे वर्षाला. मी चौतीसशे धरले.
शाळेत बाई ओरडायच्या, हातचा कुठाय तुझा?
उत्तर एकाने चुकलं तर एवढं काय, वाटायचं तेव्हा.

जमतंय का? श्रीरंगने विचारलं.
तिला ठेवून जमत नाही, मी म्हटलं.
आणि काढून?
काढूनही नाही, फक्त जमल्यासारखं दिसतं.
किंमत उतरवून मागू, तो म्हणाला, वीस हजार कमी.
कारण काय सांगायचं?
छप्पर सांग, तो म्हणाला. छप्पर सगळ्यांना कळतं.

मी 'दुरुस्ती' शब्दापुढचे दोनशे खोडले,
चौतीसशे लिहिले, आणि भाड्याच्या रकान्यात
साडेसातशे होते तसेच राहू दिले,
पेन्सिलीने. पेनाने नाही.

वायपर फिरले तेव्हा ती बाहेर दिसली,
कोट नुसता खांद्यावर टाकलेला.
आमच्या बुटांनी निसरड्या झालेल्या पायरीवर
डब्यातून मीठ टाकत होती,
वरून खाली, एकेक पायरी,
कठड्याला धरून.